आमची वाटचाल : हेड, पेटी आणि वजनकाटा

गिटारच्या ॲम्प्लिफायरची कामे करणाऱ्या आमच्या कार्यशाळेत आलेल्या ग्राहकाला सोल्डरिंग आयर्न किंवा ऑसिलोस्कोप दिसण्याआधी दाराशी ठेवलेला वजनकाटा दिसतो. कांद्याच्या गोण्या तोलण्यासाठी एका व्यापाऱ्याने वापरलेला हा काटा आम्ही भंगारवाल्याकडून घेतला, तेव्हा माझ्या वडिलांनी, 'रेडिओवाल्याला काटा कशाला?' असे विचारले होते. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा धड देता आले नव्हते.

वडिलांचे दुकान नाशिकच्या रविवार कारंज्याच्या मागच्या गल्लीत होते. तेथे व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे) रेडिओ, पुढे ट्रान्झिस्टर आणि गणेशोत्सवाच्या हंगामात मंडळांचे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला येत. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याच्या एका लहान कारखान्यात सहा वर्षे काढली आणि २००९ मध्ये दुकानात परतलो. तोवर रेडिओ संपले होते, पण गिटारची मुले वाढली होती. सुला द्राक्षमळ्यातील संगीत महोत्सव २००८ मध्ये सुरू झाला होता आणि कॉलेज रोड, गंगापूर रोड, देवळाली या भागांत लहान लहान बँड उभे राहत होते. कोणी परदेशातून आणलेला ११० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० व्होल्टला थेट जोडून जाळून आणत असे, तर कोणाचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा) गेलेला असे. ट्रान्सफॉर्मर गुंडाळता येत असल्यामुळे ही कामे आम्हाला जमली. वडिलांना तर या यंत्रांत जुनी माणसे भेटल्यासारखे वाटले, कारण त्यांतील ईसीसी८३ आणि ईएल८४ हे व्हॉल्व्ह त्यांनी आयुष्यभर हाताळले होते.

हेडचे रूपांतर कॉम्बोमध्ये करण्याचे पहिले काम २०१३ मध्ये आले. ज्यांना हा फरक ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की हेड म्हणजे केवळ ॲम्प्लिफायरची पेटी असते आणि तिला स्पीकरचे कॅबिनेट वेगळे जोडावे लागते, तर कॉम्बोमध्ये दोन्ही एकाच पेटीत असतात. ही कल्पना काही आमची नव्हे. मार्शल कंपनीने १९६० च्या दशकात आपल्या जेटीएम४५ या हेडचेच मंडल (सर्किट) दोन बारा-इंची स्पीकरांच्या पेटीत बसवून कॉम्बो काढला होता. त्याचा मॉडेल क्रमांक १९६२ असल्यामुळे अनेक जण तेच त्याचे साल समजतात.

आमचा ग्राहक नाशिक रोडचा तरुण होता आणि त्याच्याकडे दोन ईएल३४ व्हॉल्व्हचा ५० वॅटचा हेड होता. मुंबईला वाजवायला जाताना पंचवटी एक्स्प्रेसमध्ये हेड एका हातात, कॅबिनेट दुसऱ्या हातात आणि गिटार पाठीवर अशी त्याची कसरत होत असे. 'काका, दोन्ही एकात करून द्या आणि स्पीकरही चांगले टाका,' एवढीच त्याची मागणी होती. त्याच्या कॅबिनेटमधील स्पीकर खरोखरच सामान्य होते. वाद्याचा आवाज ॲम्पमध्ये घडतो अशी समजूत असते, पण गिटारचा स्पीकर हा तटस्थ नसतो. तो साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा भाग झपाट्याने गाळतो, मधल्या पट्टीला उठाव देतो आणि त्यामुळेच कर्कश ओव्हरड्राइव्ह (ॲम्प क्षमतेपलीकडे चालवून मिळणारा फाटका आवाज) कानाला गोड लागतो. म्हणून स्पीकर बदलणे हे ॲम्प बदलण्याच्या जवळपास जाणारे काम आहे आणि तरीही बहुतेक ग्राहक ते सर्वांत शेवटी करतात.

आम्ही सेलेस्टियन कंपनीचे व्हिंटेज ३० हे प्रत्येकी ६० वॅटचे दोन स्पीकर मागवले. त्यांची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीला मिळणारा आवाज, १०० डेसिबल आहे. ग्राहकाच्या जुन्या स्पीकरांची ९७ होती. तीन डेसिबलचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण तेवढाच आवाज जुन्या स्पीकरांतून काढायचा तर ॲम्पची शक्ती दुप्पट लागली असती. १६ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडून ८ ओहमचा भार तयार केला आणि हेडच्या मागचा ओहम निवडण्याचा स्विच त्याप्रमाणे ८ वर ठेवला. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये हा जुळाव चुकवून चालत नाही आणि स्पीकर न जोडता तो वाजवणे तर मुळीच चालत नाही, कारण भार नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर चढणारा उच्च दाब त्याचे इन्सुलेशन फोडू शकतो.

पेटीचे काम आमच्या शेजारच्या मिस्त्रीकाकांकडे दिले. त्यांनी आयुष्यभर कपाटे आणि देव्हारे केले होते. त्यांनी १८ मिलिमीटरचे चांगले प्लायवूड घेतले, कोपऱ्यांना दात एकमेकांत बसणारे सांधे केले आणि वरून काळे रेक्झिन चढवले. पेटी देखणी झाली, यात वाद नाही. चूक माझी होती. ॲम्पचे चॅसिस, म्हणजे सर्व भाग बसवलेला धातूचा सांगाडा, मी पेटीत उलटे टांगायचे ठरवले होते. प्रत्यक्ष बसवून पाहिल्यावर समोरच्या पट्टीवरील सगळी अक्षरे उलटी आली. मिस्त्रीकाका म्हणाले, 'भाऊ, गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून वाजवणार का?' मग स्पीकरांच्या वर एक फळी टाकून चॅसिस सरळ बसवले. त्यासाठी पेटीची उंची वाढवावी लागली आणि रेक्झिन पुन्हा चढवावे लागले.

त्याहून मोठी अडचण वाजवल्यावर कळली. मोठ्या आवाजात खालच्या तारेवर एक विशिष्ट स्वर लावला, की ॲम्पमधून काच थरथरल्यासारखा आवाज येई. हेड स्वतंत्र असताना त्याला स्पीकरचे हादरे फारसे बसत नसत, आता तो त्यांच्या डोक्यावरच बसला होता. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकून पाहिल्यावर पहिल्या टप्प्यातील ईसीसी८३ 'मायक्रोफोनिक' झाल्याचे सापडले, म्हणजे हादऱ्याचे तो विजेच्या संकेतात रूपांतर करत होता. तो बदलला, ईएल३४ ना स्प्रिंगचे पकड-तार बसवले आणि चॅसिसच्या फळीखाली रबराच्या चकत्या घातल्या. एवढे केल्यावर थरथर गेली. (हे सगळे करताना मेन्सची वायर काढली तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टहून अधिक दाब उरलेला असू शकतो. रेझिस्टरमधून तो उतरवून मीटरवर शून्य दिसेपर्यंत आत हात घालायचा नाही, हा वडिलांचा नियम आमच्याकडे आजही भिंतीवर लिहिलेला आहे.)

काम पूर्ण झाले आणि ग्राहक पेटी न्यायला आला. त्याने हँडल धरून ती उचलली, चार पावले टाकली आणि खाली ठेवली. त्याचा हेड १७ किलोचा होता आणि कॅबिनेट २४ किलोचे. एकूण वजन आम्ही ४१ वरून ३५ वर आणले होते, पण दोन हातांत विभागलेले ४१ किलो आणि एका हातात आलेले ३५ किलो यांतला फरक आमच्या हिशेबात आलाच नव्हता. तो मुलगा काही बोलला नाही, पैसे पूर्ण दिले आणि रिक्षा बोलावली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्याच आठवड्यात काटा घेतला.

त्यानंतर आमच्या व्यवसायाची दिशाच पालटली. दुरुस्ती चालू राहिली, पण हळूहळू पेटी हेच मुख्य काम झाले. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत परदेशी यंत्रे ज्या खोक्यांतून येतात, त्यांत पाइनचे लाकूड असते, हे मला जुन्या नोकरीमुळे माहीत होते. फेंडर या ॲम्प कंपनीच्या १९५० च्या दशकातील ट्वीड कापडाच्या पेट्याही भरीव पाइनच्याच होत्या. खोक्यांवर 'एचटी' असा शिक्का असेल, तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते आणि 'एमबी' असेल, तर मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीने. दुसऱ्या प्रकाराला आम्ही हात लावत नाही. फळ्या अरुंद आणि गाठींच्या असल्यामुळे कडेला कडा चिकटवून रुंद पाट करावे लागतात. पहिल्या पावसाळ्यात आमचे दोन पाट असे वाकले, की मिस्त्रीकाकांनी त्यांचे झुले करायचे सुचवले. आता लाकूड माळ्यावर किमान एक उन्हाळा काढते आणि रेषा पेटीच्या चारही बाजूंनी सलग फिरतील अशाच रीतीने आम्ही ते कापतो, म्हणजे आकुंचन झालेच तर चारही बाजूंचे सारखे होते.

२०१६ मध्ये त्याच तरुणाला मी स्वतःहून बोलावले आणि पेटी पाइनची करून दिली. स्पीकर निओ क्रीमबॅक हे, हलक्या निओडिमियम चुंबकाचे घेतले. व्हिंटेज ३० चे वजन ४.७ किलो आहे, तर निओ क्रीमबॅकचे १.९ किलो. दोन स्पीकर आणि पेटी मिळून जवळपास दहा किलो कमी झाले आणि काट्याने २५ च्या आसपास आकडा दाखवला. त्याला आवाजही अधिक रुचला, कारण व्हिंटेज ३० ची वरची मध्यपट्टी लहान सभागृहात पुढच्या रांगेला टोचत असे. निओडिमियमला 'जीव नसतो' असे म्हणणारे जाणकार आमच्याकडे येतात. त्यांच्यासाठी पडद्यामागून दोन्ही वाजवून दाखवण्याची सोय आहे आणि निकाल मी येथे लिहीत नाही.

चुका पुढेही झाल्या. एकाला ग्रीनबॅक या स्पीकरचाच आवाज हवा होता. २५ वॅटचे दोन, म्हणजे ५० वॅटच्या ॲम्पला पुरेसे, असा सरळ हिशेब करून मी ते बसवले आणि तीन आठवड्यांत एकाचे व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) जळून आले. व्हॉल्व्ह ॲम्पचे ५० वॅट स्वच्छ आवाजाचे असतात, ओव्हरड्राइव्हमध्ये तोच ॲम्प त्याहून बरीच अधिक शक्ती देतो. तो स्पीकर आम्ही स्वखर्चाने बदलला आणि तेव्हापासून स्पीकरांची एकत्रित क्षमता ॲम्पच्या दीडपटीहून कमी ठेवत नाही. दुसऱ्या एका कॉम्बोत स्प्रिंग रिव्हर्बची (स्प्रिंगच्या साहाय्याने घुमणारा आवाज देणारी) टाकी तळाशी ठेवली, तर सतत गुणगुण येऊ लागली. टाकीचे संवेदक टोक मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या थेट खाली आले होते. टाकी उलट दिशेने फिरवून जाड कापडी पिशवीत घातल्यावर ती थांबली.

पहिल्या कामापासून एक नियम मात्र आम्ही पाळत आलो आहोत. चॅसिसला नवे भोक पाडायचे नाही आणि हेडची मूळ रिकामी पेटी टाकायची नाही. ग्राहकाला ती घरी न्यायची नसेल, तर नाव आणि वजनाची चिठ्ठी लावून आमच्याच माळ्यावर ठेवायची. आज तेथे अकरा पेट्या आहेत. गेल्या दिवाळीपर्यंत बारा होत्या.

बारावी नाशिक रोडच्या त्या तरुणाची होती, जो आता तरुण राहिलेला नाही. आता बाहेर वाजवणे थांबले आहे आणि घरात जागा कमी आहे, म्हणून त्याला हेड पुन्हा हेड करून हवा होता. माळ्यावरून पेटी काढली, धूळ पुसली आणि जुन्याच चार भोकांत जुनेच चार स्क्रू बसले. अर्ध्या तासाचे काम होते. चिठ्ठीवर १७ किलो लिहिले होते आणि काट्याने तेवढेच दाखवले. तो हेड एका हातात उचलून घेऊन गेला. पाइनची पेटी मात्र स्पीकरांसह आमच्याकडेच ठेवून गेला. तिच्या वरच्या रिकाम्या जागेत आम्ही आता दुरुस्तीला आलेली चॅसिस ठेवून वाजवून पाहतो.