तुम्ही विचारलंत म्हणून: ॲक्सेसिबिलिटीसाठी कुठलं प्लगइन टाकू?

हा प्रश्न बहुतेक वेळा वेबसाइट पूर्ण झाल्यावरच येतो: ‘दिव्यांगांनाही वापरता यायला हवी, तर कुठलं प्लगइन टाकू?’ कुठलंच टाकू नका. अशा प्लगइनने साइटच्या कोपऱ्यात येणारं गोल बटन अक्षरं मोठी करतं, रंग उलटे करतं; पण ज्याला गरज आहे त्याने या सोयी आपल्या फोनमध्ये, ब्राउझरमध्ये केव्हाच लावून घेतलेल्या असतात. पानाच्या आत जे बिघडलंय ते या बटनाने निस्तरत नाही.

त्यापेक्षा माउस बाजूला ठेवा आणि साइटवरचं मुख्य काम, समजा अर्ज भरणं, नुसत्या कीबोर्डवर करून बघा. टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, एंटर किंवा स्पेसने निवड, एस्केपने पॉपअप बंद. बहुधा लवकरच अडाल. आपण पानावर कुठे आहोत तेच कळत नाही, कारण निवडलेल्या बटनाभोवतीची चौकट ‘बरी दिसत नाही’ म्हणून कुणीतरी सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) ‘आउटलाइन: नन’ लिहून घालवलेली असते. ती ओळ काढा. माउसवाल्यांना चौकट नकोच असेल तर सीएसएसमध्येच ‘फोकस-व्हिजिबल’ आहे, ते चौकट मुख्यतः कीबोर्ड वापरताना दाखवतं. दुसरं नेहमीचं दुखणं म्हणजे बटनासारखा रंगवलेला डिव्ह, म्हणजे पानाच्या कोडमधला नुसता चौकोन. त्यावर टॅब थांबत नाही, एंटर चालत नाही, स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्याला बटन म्हणत नाही. हे सगळं जावास्क्रिप्टने मागाहून जोडता येतं, पण साध्या बटन टॅगमध्ये ते आयतं मिळतं. मग तो उपद्व्याप कशाला?

लोक खरे अडकतात ते फॉर्ममध्ये. रकान्याचं नाव फिकट प्लेसहोल्डरमध्ये, म्हणजे रकान्याच्या आतच, लिहिलं की टाइप करायला लागताच ते गायब होतं, आणि इथे काय भरायचं होतं हे पुन्हा बघायची सोय राहत नाही. प्रत्येक रकान्याला दिसणारं लेबल द्या, आणि कोडमध्ये लेबलचा ‘फॉर’ व रकान्याचा ‘आयडी’ जुळवा. तपासायला टूल लागत नाही: लेबलच्या शब्दांवर क्लिक करा, कर्सर त्याच रकान्यात गेला पाहिजे. भलत्याच रकान्यात गेला, तर बहुधा कॉपी-पेस्ट करताना एकच आयडी दोनदा आलाय.

चूक दाखवायला नुसती लाल कड पुरत नाही. रंगांध माणसाला ती ओळखू येईलच असं नाही, स्क्रीन रीडर तर तिच्याबद्दल गप्पच राहतो. काय चुकलं ते रकान्याखाली शब्दांत लिहा, कोडमधल्या ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ने रकान्याला जोडा आणि सबमिटनंतर फोकस (कीबोर्डची जागा) पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्या. नाहीतर अंध वापरकर्ता बटन दाबत राहतो आणि काहीच होत नाही.

रंगांचं गणित सोपं आहे. डब्ल्यूसीएजी म्हणजे वेब ॲक्सेसिबिलिटीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं; २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या २.२ आवृत्तीच्या एए (मधल्या) पातळीला नेहमीच्या मजकुरासाठी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातलं प्रमाण) लागतो, मोठ्या अक्षरांसाठी ३:१. पांढऱ्यावर #९९९९९९ हा डिझायनरांचा लाडका राखाडी जेमतेम २.८५ देतो, #७६७६७६ काठावर पास होतो.

चित्रांना ऑल्ट मजकूर (चित्राचं शब्दांतलं वर्णन) द्या, हे एव्हाना सगळ्यांना माहीत असतं. शोभेच्या चित्राचा ऑल्ट रिकामा ठेवायचा, गाळायचा नाही. गाळला तर काही वेळा फाइलचं नाव वाचलं जातं. लोगो लिंक असेल तर ऑल्टमध्ये ‘निळं वर्तुळ’ नको, संस्थेचं नाव आणि ‘मुख्यपान’ हवं.

मराठी साइटवर एक जादा गोष्ट बघाच. टेम्प्लेट उचललेलं असतं, त्यामुळे पानाच्या कोडमधल्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा इंग्रजीच राहते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावू शकतो आणि देवनागरी गाळतो किंवा भलतंच काही वाचतो. ‘लँग’ची व्हॅल्यू ‘एमआर’ करा. एवढ्या एका बदलाला दोन मिनिटंही लागत नाहीत. युनिकोडआधीच्या फॉन्टमधला जुना मजकूर मात्र बदलूनच घ्यावा लागतो: डोळ्यांना मराठी दिसला तरी आत रोमन अक्षरांची खिचडी असते. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरंच नसतात, नुसता फोटो.

पान आपोआप तपासून गुण देणारं लाइटहाउससारखं टूल चालवा, पण त्याच्या शंभर गुणांवर विसंबू नका. ऑल्ट आहे की नाही ते टूल सांगतं, बरोबर आहे की नाही ते सांगत नाही. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. तो लावा, स्क्रीन बंद करा आणि पुढच्या शीर्षकावर नेणारी एच की दाबत फक्त शीर्षकांवरून पान समजतंय का ते ऐका. हे सगळं झाल्यावर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या कुणाला तरी मानधन देऊन तोच अर्ज भरायला सांगा. ते भरत असताना ‘डावीकडचं हिरवं बटन’ असं मध्ये बोलू नका. कुठे थांबले तेवढं टिपून घ्या.