तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या सिरिंजा कायले?

वरुड-मोर्शीकडच्या दवाखान्यांत भूल द्यायला फिरतो मी, आणि ट्रेमधल्या सहा-सात सिरिंजा दिसल्या की पेशंटचा बाप नाहीतर भाऊ हमखास विचारतो, "काहून जी डॉक्टरसाहेब, एवढ्या कायले? एकातच कालवून द्या ना."

मी उलट विचारतो, फवारणीच्या पंपात हाती लागंल ते सगळं ओतता का? "नाही जी, फाटते ना ते."

तर आमचंही फाटतं. थायोपेंटोन म्हणजे झोपेचं औषध, चुन्यासारखं अल्कधर्मी, पीएच 10 च्या वर, आणि स्नायू ढिले करणारं व्हेक्युरोनियम आम्लाकडचं, साधारण 4. शिकत होतो तेव्हा घाईत एकामागं एक दिली, मधे सलाइन सोडलंच नाही. नळीत दह्यासारखं पांढरं धरलं, बोटानं टिचकी मारली तरी हलेना, ठिबक बंद. पेशंट झोपलेला, अर्धवट ढिला पडलेला, मी एका हातानं मास्क धरून बॅग दाबतोय आणि सिस्टर दुसऱ्या हाताची शीर शोधतेय. दीड-दोन मिनिटंच असतील, पण माझे पाय कापत होते.

फाटलं ते दिसतं तरी. सोडा बायकार्ब हेही अल्कधर्मी, त्यात ॲड्रिनॅलिन, म्हणजे बीपी-हृदय सावरणारं औषध, गेलं तर दिसायला काहीच नाही, औषध मात्र आतल्या आत मरतं, बोर्डोत, मोरचूद-चुन्याच्या फवारणीत, टाकलेलं कीटकनाशक चुन्यानं मरते ना, तसंच.

प्रोपोफॉल हे दुसरं झोपेचं औषध तर दिसायलाच दूध, सोयाबीनचं तेल अंड्याच्या लेसिथिननं पाण्यात धरून ठेवलेलं. ते शिरेत झोंबतं म्हणून आम्ही थोडं लिग्नोकेन, बधिर करणारं औषध, घालतो, पण टोचायच्या वेळीच, भरून ठेवलं की तेल वेगळं व्हायला लागतं.

सगळ्यात जास्त बोलणी मी खातो ती वॉर्डात, कारण चालू आरएलमधेच, म्हणजे रिंगर लॅक्टेट या सलाइनमधेच, सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक सोडायची सवय काही जात नाही बाप्पा. आरएलमधे कॅल्शियम असतं, दोन्ही मिळून बारीक खडे होतात, नवजात बाळांचे जीव गेलेत त्यानं. मी नळी काढायला लावतो म्हणून सिस्टर चिडतात, चिडू देत.

म्हणून दोन औषधांच्या मधे साधं नॉर्मल सलाइन सोडून नळी धुतो, एवढंच. परवा एका काकांना हे सगळं सांगितलं तर म्हणे, "मंग मधात पंप धुवा लागते म्हणा ना सरळ."