दोन औषधांनंतर

पाचवं औषध चालू असलेली एक तरुणी आज ओपीडीत आली. अकरा वर्षांपासून फिट येतात, आणि इतक्या वर्षांत शस्त्रक्रियेचा विषय तिच्यापाशी कुणी काढलेलाच नाही. अजून मन शांत होत नाहीये.

आईने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. मी असे व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा एकदा बघतो, म्हणजे लक्ष फक्त हातांकडे राहतं. बोलता बोलता मुलगी थांबते, नजर हरवते, तोंड चघळल्यासारखं हलतं. डावा हात शर्टाच्या बटणाशी चाळा करतोय, उजवा मात्र मनगटात वाकून ताठरलाय. "आधी पोटातून काहीतरी वर चढतं, पुढचं मला कळत नाही," असं ती सांगत होती. एवढ्यावरूनच संशय डाव्या टेम्पोरल लोबवर, म्हणजे मेंदूच्या कानशिलामागच्या भागावर, जातो. जुना एमआरआय काढून पाहिला, तर त्याच लोबमधला स्मृतीचा भाग, डावा हिप्पोकॅम्पस, आक्रसलेला, उजव्यापेक्षा पांढुरका. रिपोर्टमध्ये 'नॉर्मल'!

फिटवरची औषधं किती जणांना लागू पडतात, यावर क्वान आणि ब्रॉडी या डॉक्टरांचा अभ्यास 2000 सालचा. आधी उपचार न घेतलेले 470 रुग्ण. पहिल्या औषधाने 47 टक्क्यांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी 13 टक्क्यांच्या, तिसऱ्याने जेमतेम एका टक्क्याच्या. योग्य निवडलेली, पुरेशा डोसची दोन औषधं लागू पडली नाहीत तर अपस्मार (फिटचा आजार) औषधांना दाद देत नाही असं समजावं, ही व्याख्या 2010 पासून आहे. आणि 2001 मध्येच टेम्पोरल लोबच्या 80 रुग्णांवरच्या चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटातले 58 टक्के भान हरपणाऱ्या फिटमधून सुटले होते. नुसत्या औषधांच्या गटातले 8 टक्के.

मी या शाखेत आलो तेव्हा हाताशी फेनिटॉइन, फेनोबार्ब, कार्बामॅझेपिन, व्हॅल्प्रोएट एवढंच असायचं. नंतर लॅमोट्रिजिन आलं, लेव्हेटिरासेटाम आलं. सोसायला बरी औषधं, त्यांचं मोल मी जाणतो. पण फिट न थांबणारे साधारण एक तृतीयांश रुग्ण तेवढेच राहिले. उलट 'आणखी एक देऊन बघू' म्हणायला जागा वाढली, आणि त्यात माणसाची उमेदीची वर्षं जातात. औषधाच्या चाचण्यांतून निघून मी संशोधनाचा रोख शस्त्रक्रियेपर्यंत पोचायला होणाऱ्या या उशिराकडे वळवला, तो याचसाठी.

"ऑपरेशननंतर मी विसरायला लागेन का?" तिने विचारलं. डावी बाजू म्हणजे शब्दांची स्मृती; धोका आहे, आणि तो मी सांगितला. आधी स्मरणशक्तीच्या चाचण्या, मग दाखल करून, गोळ्या हळूहळू कमी करत व्हिडिओ ईईजी, म्हणजे चित्रीकरण चालू ठेवून मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद. फिट कुठून उठते ते पकडल्याशिवाय सर्जनकडे पाठवायचं नाही. आईला लगेच हो म्हणायचं होतं. मुलीने आठवडाभर वेळ मागितला. तिच्या डोक्याचा प्रश्न आहे, तिनेच ठरवावं. तोवर जुने ईईजी मागवून घेतो आणि तो एमआरआय रेडिओलॉजिस्टसोबत बसून पुन्हा वाचतो.