घोडीवर मावेल तेवढं

माझं लहानपण मेंढरांमागे गेलं हे कळलं, की लोक हमखास विचारतात, "आता पुण्यात स्वतःचा फ्लॅट झाला, हायसं वाटत असेल ना?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. हो, वाटतं. नळाला पाणी आहे, मुलीची शाळा मधेच सुटत नाही. वाड्यावरचं, म्हणजे मेंढरांसोबतच्या फिरत्या तळावरचं जगणं ज्यांना फार मोकळंढाकळं वाटतं, त्यांनी ओल्या बाळंतिणीला घेऊन पुढचा मुक्काम गाठून बघावा.

पण आवडीनिवडी वाड्यावरच्याच राहिल्या. आमचं गाव फलटण तालुक्यातलं. पावसाळा तिकडे काढायचा, कारण दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही. लोकर भिजून राहते, खुरं सडतात. दिवाळी झाली की भोरवरून वरंधा घाट उतरून महाडकडे जायचं आणि मृगाच्या आत परत वर यायचं. भात कापलेल्या रानात रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण लावून मेंढरं बसवायची. शेताला लेंडीखत मिळतं, त्याचे आम्हाला भात नाहीतर पैसे. पुरुष दिवसभर मेंढरांमागे. पाल ठोकणं, चूल मांडणं, बिऱ्हाड आवरून घोडीवर लादणं बायकांकडे.

त्यामुळे दुकानात काही आवडलं, तर मी आजही ते आधी उचलून बघते. जड लागलं की मनातून उतरतं. नवऱ्यानं हौसेनं काचेचं शोकेस करून घेतलंय, त्यात काय ठेवायचं हे मला अजून सुचलेलं नाही. पहिला पाऊस आला की शेजारी भज्यांचा घाणा काढतात. माझ्या डोक्यात आधी कोकरं येतात. बंद खोलीत झोप लागत नाही, आणि खाली कुत्रं भुंकलं की लागलेली उडते. (वाड्यावर लांडग्याची पहिली खबर कुत्राच देतो.)

"तुम्हाला घरच नव्हतं" असं कुणी म्हटलं की मात्र मी वाद घालते. आमची शेतं ठरलेली असायची. कुठल्या विहिरीवर पाणी भरू देतात, कुठल्या अंगणात ताक मिळतं, हे आईला पाठ होतं. "यंदा उशीर केलात?" असं विचारणारी माणसं वाटेवर ठिकठिकाणी होती. निव्वळ प्रेमापोटी नव्हे, खतापोटी. हे आम्हालाही कळत होतं. पण गरज दोन्हीकडून होती, म्हणून मान होता. इथे सोसायटीत माझी गरज मेंटेनन्स भरण्यापुरती. समोरच्यांचं आडनाव मला दारावरच्या पाटीवरून कळलं.

भाऊ अजून वाड्यावर आहे. परवा फोनवर म्हणाला, महाडच्या अलीकडचं आपलं रान गेलं. मालकाच्या मुलानं तिथे काजू लावलेत, तारेचं कुंपण घातलंय. तिथला मुक्काम आता नाही, एका दिवसात दोन मुक्कामांचं अंतर तोडायचं. ते ऐकून मला जे झालं, ते हा फ्लॅट विकावा लागला असता तरी झालं नसतं.