पन्नास पेन्सच्या सीड्या

शनिवारी सकाळी साडेनऊ ते दुपारी एक मी इंग्लंडमध्ये मॅंचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टच्या एका चॅरिटी शॉपमध्ये काम करते. बिनपगारी. सांगलीहून आई फोनवर विचारते, "पैसे देत नाहीत तर उन्हातान्हाचं जातेस कशाला?" इथे ऊन असतं तर काय हवं होतं! लोक घरात नकोसं झालेलं सामान पिशव्या भरभरून आणून देतात, आम्ही ते निवडतो, कपड्यांवरून वाफ फिरवतो, किंमत चिकटवतो, आणि विकून येईल तो पैसा संस्थेला जातो. माझ्याकडे पुस्तकं आणि सीड्या. पुस्तकं खपतात. सीड्यांना हल्ली कुत्रं विचारत नाही. अल्बम एक पौंड, सिंगल (म्हणजे एकाच मुख्य गाण्याची सीडी) पन्नास पेन्स, तरी धूळ खात पडून असतात.

जानेवारीत एका पिशवीतून 'गर्ल्स अलाउड' या पाच मुलींच्या पॉप गटाच्या सिंगल्स निघाल्या. एक-दोन नाही, सतरा. सगळ्यात वरच्या सीडीच्या कव्हरात आतल्या बाजूला जांभळ्या जेल पेनने लिहिलं होतं: 'ही माझी आहे. हात लावायचा नाही. वय ९.' खाली तीनदा रेघ ओढलेली. मी ती उघडून तशीच उभी राहिले, तर मागून आमच्या मॅनेजरबाई आल्या आणि म्हणाल्या, "अगं लव्ह, माझ्या लेकीनं या पाचजणींपायी आमचं फोनचं बिल कुठल्या कुठे नेलं होतं!" (इथे उत्तरेत बसचा ड्रायव्हरसुद्धा 'लव्ह' म्हणतो. पहिल्या महिन्यात मी दचकायचे.)

तुमच्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसणार. मीही नव्हतं. आपल्याकडे इंग्रजी गाण्यांच्या चॅनेलवर 'स्पाइस गर्ल्स' पोचल्या, त्यांच्या कॅसेट कॉलेजच्या हॉस्टेलवर फिरल्या. पण त्यांच्यानंतर या देशात ज्यांनी खरा धुमाकूळ घातला त्या पाचजणी बाहेर फारशा गेल्याच नाहीत. त्यामुळे इथे आल्यावर भाषा, बँक, ट्रेन, कचऱ्याचे चार रंगांचे डबे असं सगळं शिकून झालं तरी एक भोक राहिलंच. ते मला शेजारणीच्या चाळिशीच्या पार्टीत दिसलं. पबच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, कागदी ताटलीत सॉसेज रोल आणि चिप्स. डीजेने त्यांचं 'लव्ह मशीन' लावलं आणि हॉलमधल्या एकूण एक बायका उठल्या. नर्स, शिक्षिका, गरोदर वहिनी, सगळ्या. कुणी कुणाला बोलावलं नाही. वरातीत बँजो सुरू झाला की आपले पाय जसे विचारत नाहीत, तसंच. हात कधी वर, वळायचं कधी, सगळ्यांना पाठ. मी ताटली धरून भिंतीला टेकून.

गोष्ट सुरू होते 2002 च्या शेवटी. 'पॉपस्टार्स: द रायव्हल्स' नावाचा टीव्हीवरचा कार्यक्रम होता. लोकांनी फोन करून एक मुलींचा आणि एक मुलांचा गट निवडायचा, आणि मग दोघांनी नाताळच्या पहिल्या नंबरासाठी भिडायचं. हा नाताळचा पहिला नंबर म्हणजे काय ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. त्या आठवड्यात कुठलं गाणं सर्वात जास्त खपणार यावर लोक चक्क पैसे लावतात. अलीकडे 2018 ते 2022 सलग पाच वर्षं एका यूट्यूबवाल्या गड्याने बहुतेक सॉसेज रोलवरची गाणी म्हणून हा मान पटकावला (पैसा भुकेल्यांसाठी गेला, म्हणून माफ). 2002 मध्ये गाण्यांचे नंबर रविवारी संध्याकाळी रेडिओवर जाहीर व्हायचे. आपल्या आईवडिलांच्या पिढीचा बुधवार जसा बिनाका गीतमालेचा, तसा यांचा रविवार. मुलींचा गट जिंकला. 'साउंड ऑफ द अंडरग्राउंड' चार आठवडे पहिल्या नंबरावर बसलं, आणि मुलांचा गट पुढच्याच वर्षी विरून गेला.

चेरिल न्यूकॅसलची, किम्बर्ली ब्रॅडफर्डची, निकोला रंकॉर्नची, नदीन उत्तर आयर्लंडमधल्या डेरीची. आणि पाचवी सारा हार्डिंग, आमच्या स्टॉकपोर्टात वाढलेली. तिची निवड सगळ्यात शेवटी झाली. ती जागा दुसऱ्याच मुलीची असं सगळे धरून चालले होते. मॅनेजरबाई हा प्रसंग काल घडल्यासारखा सांगतात. मला ऐकताना आपला 2008-09 चा 'लिटिल चॅम्प्स' आठवतो. तेव्हा आमच्या गल्लीत एसएमएसवरून भावाभावांत अबोला झाला होता. आपलीही पंचरत्नंच की.

पण टीव्हीने जन्माला घातलेले गट सहा महिन्यांत मरतात, हे का जगलं? माझ्या मते याचं श्रेय केंट परगण्यातल्या वेस्टरहॅम गावच्या एका जुन्या हवेलीला जातं. तिथे ब्रायन हिगिन्स आणि मिरांडा कूपर यांची 'झेनोमेनिया' नावाची मंडळी गाणी रचायची. रचायची म्हणजे शिवायची, गोधडीसारखी. एका तालावर ढिगाने चाली गाऊन घ्यायच्या, त्यातले बरे तुकडे कापायचे, आणि एकमेकांशी काहीही नातं नसलेले तुकडे शेजारी शेजारी जोडायचे. 2005 चं 'बायॉलॉजी' ऐका. सुरुवातीला पियानोवर जुन्या ब्लूजसारखं काहीतरी ठणठणतं, वाटतं हेच गाणं. मग ते सोडून दुसरंच सुरू होतं, मग तिसरं, आणि ज्याला आपण ध्रुपद म्हणू ते यायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. तोवर बाकीच्यांची गाणी संपत आलेली असतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सीडीवर चरा आहे. पुसून परत लावली.

माझ्या गाडीत अजून सीडीची फट आहे, त्यामुळे मी त्या सतराही सिंगल्स ऑफिसला जाता-येता एम साठ हायवेच्या ट्रॅफिकमध्ये ऐकल्या. एकाच गाण्याच्या दोन-दोन सीड्या निघाल्या, एक आणि दोन असे आकडे घातलेल्या. गाणं तेच, मागे जोडलेला माल वेगळा. पोरांनी दोन्ही घ्याव्यात आणि नंबर वर जावा ही युक्ती. नऊ वर्षांच्या त्या मालकिणीने दोन्ही घेतल्या होत्या. आईबापांचे खिसे कसे कापले जायचे ते कळलं.

हिशोब सांगते, कारण तो खरंच अचाट आहे. 2002 पासून सलग वीस सिंगल्स पहिल्या दहात. त्यात चार पहिल्या नंबरावर: ते पहिलं गाणं, 2004 चं 'आय विल स्टँड बाय यू', 2007 मध्ये 'शुगाबेब्ज' या दुसऱ्या मुलींच्या गटाबरोबर केलेलं 'वॉक धिस वे' आणि 2008 चं 'द प्रॉमिस'. यातली मधली दोन दुसऱ्यांची जुनी गाणी, आणि दोन्ही टीव्हीवरच्या मदतनिधीसाठी गायलेली. इंग्रजांना दानधर्मसुद्धा गाण्याच्या नंबरातून करायला आवडतो. एकविसावं सिंगल 'अनटचेबल', 2009. अल्बमवर पावणेसात मिनिटांचं, उदास, चढत जाणारं. रेडिओसाठी कापून छोटं केलं आणि ते अकराव्या नंबरावर अडकलं. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं तेच. कापायला नको होतं.

अल्बमांचं नशीब वेगळं. दुसऱ्या अल्बमचं नाव 'व्हॉट विल द नेबर्स से?', म्हणजे थेट आपलं 'शेजारीपाजारी काय म्हणतील'. नाव वाचून मी दुकानात एकटीच हसले. तिसरा 'केमिस्ट्री', ज्यात ते 'बायॉलॉजी' आहे. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, आणि तो अकरावाच राहिला. 2006 मध्ये निवडक गाण्यांचा संग्रह पहिला आला, नव्या गाण्यांचा अल्बम पहिल्या नंबरावर जायला 2008 चं 'आउट ऑफ कंट्रोल' उजाडावं लागलं. म्हणजे लोकांना गाणी हवी होती, पण अख्खा अल्बम विकत घेण्याइतकं 'असल्या' गटाला मानायचं नव्हतं. ही नाक मुरडायची सवय आपल्याला काही नवी नाही. तमाशाच्या बोर्डावर गर्दी करायची आणि घरी येऊन नाव काढायचं नाही. ब्रिट अवॉर्ड, म्हणजे इथला संगीताचा मोठा पुरस्कार, त्यांना मिळालं ते एकच, 2009 मध्ये 'द प्रॉमिस'साठी. ते घेताना सारा माइकवर ओरडली की आता तरी मिळालं, वेळ झालीच होती.

मग विश्रांती, 2012 मध्ये दहा वर्षांचा सोहळा, आणि मार्च 2013 मध्ये लिव्हरपूलचा शेवटचा कार्यक्रम आटोपताच गट संपल्याची घोषणा.

ऑगस्ट 2020 मध्ये साराने जाहीर केलं की तिला स्तनाचा कॅन्सर झालाय आणि तो पसरलाय. 5 सप्टेंबर 2021 ला ती गेली, 39 व्या वर्षी. मॅंचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयात तिच्यावर उपचार झाले होते. तिच्या नावाने जमवलेल्या पैशातून तिथे तिशीतल्या बायकांचा धोका आधीच ओळखता येईल का, यावर संशोधन सुरू झालंय. या देशात सरसकट तपासणीचं बोलावणं पन्नाशीनंतर येतं. आमच्या दुकानात या विषयावर मॅनेजरबाई एकच वाक्य बोलल्या, "आपल्या गावची पोर होती," आणि शर्टांवर वाफ फिरवायला लागल्या.

2024 मध्ये उरलेल्या चौघी परत स्टेजवर आल्या, सारा पडद्यावर. मॅनेजरबाई लेकीबरोबर मॅंचेस्टरच्या कार्यक्रमाला जाऊन आल्या होत्या. कसा झाला विचारलं तर म्हणाल्या, पायाला गोळे आले. त्याच नोव्हेंबरमध्ये 'आय विल स्टँड बाय यू' साराच्या आवाजासकट पुन्हा काढलं, वीस वर्षांनी त्याच मदतनिधीसाठी.

सतरापैकी सहा खपल्या. एका मुलीने 'कॉल द शॉट्स' घेतली आणि मला विचारलं, ही वाजवायची कशात? जांभळ्या अक्षरांची मी काउंटरवर ठेवलीच नाही. गल्ल्यात पन्नास पेन्स टाकले, पावती घेतली आणि गाडीत ठेवली.

मे महिन्यात शेजारणीच्या वहिनीची चाळिशी आहे, हॉल तोच. रात्री भांडी घासून झाली की मी 'लव्ह मशीन' लावून ओट्यापुढे वळून बघते. वळायची जागा अजून चुकते. मुलगा येतो, बघतो आणि काही न बोलता स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेतो.