अंगणातलं चार हजार लिटर

मे महिन्यात नळाला दिवसाआड पाणी येतं आणि नेमकं त्याच महिन्यात पोरांना डुंबायचं असतं. दहा फूट रुंद, अडीच फूट उंच, वरच्या कड्यात हवा भरली की पाण्याबरोबर आपोआप उभा राहणारा तो निळा पूल अंगणात मांडला, की त्यात साधारण ३,८५० लिटर पाणी बसतं. पाच हजार लिटरच्या टँकरचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग त्यात जातो. हे पाणी दर चार दिवसांनी गटारात सोडून नवं भरणं परवडणारं नाही. २०१६ साली रेल्वेने पाणी आणलेल्या लातुरात तर शेजारी बोलायचंच बंद करतील. तेव्हा भरलेलं पाणी महिना-दीड महिना टिकवायचं, त्यातच सगळी कसोटी आहे. हिरवं झालं की औषध शोधायला बाजारात पळायचं, असा बहुतेकांचा क्रम असतो. तो उलटा आहे.

आधी जागा. गच्ची मोकळी असते, ऊनही छान येतं, पण तिथे पूल नको म्हणजे नकोच. ज्या गच्चीवर माणसं जातात-येतात तिच्यावर भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भार धरलेला असतो. साठ सेंटिमीटर पाणी म्हणजे त्याच चौरस मीटरवर सहाशे किलो. खालच्या मजल्यावरच्यांचा विचार करा. जमिनीवर मांडायचा तर हरळी आणि नागरमोथा मुळासकट काढावे लागतात. दिसायला लवचीक गवत, पण त्याचे कोंब ताडपत्री आणि पूलचा तळ दोन्ही भोसकून वर येतात. जमीन सपाट हवी. एका बाजूला उतार असला की पाण्याचा जोर त्याच भिंतीवर येतो आणि पूल पोट सुटल्यासारखा फुगतो. पहिलं बोटभर पाणी भरलं की नळ बंद करून तळाच्या सगळ्या सुरकुत्या हाताने बाहेरच्या बाजूला सारायच्या. वर पाणी चढल्यावर त्या हलत नाहीत, आणि पुढे शेवाळ धरतं ते नेमकं त्याच घड्यांमध्ये. कडं सकाळच्या गारव्यात टम्म फुगवू नये. दुपारी आतली हवा तापून प्रसरण पावते आणि शिवण उसवते.

आता घाण येते कुठून? झाडावरून थोडी, वाऱ्याने थोडी, बाकी सगळी माणसांच्या अंगावरून. गुलमोहराच्या पाकळ्या जाळीने काढता येतात, डोक्याचं तेल काढता येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांच्या डोक्यावर खोबरेल थापायची जी पद्धत आहे, ती या पूलची पहिली वैरीण. तेल पाण्यावर तरंगतं, भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकट पट्टा धरतं, त्यावर धूळ बसते, आणि फिल्टरच्या कागदाच्या घड्या तेलाने माखल्या की त्यांतून पाणीच जाईना. सनस्क्रीनचंही तसंच. आजी कितीही रागावली तरी पूलमध्ये उतरण्याआधी नळाखाली अंघोळ. आणि काठाशी पाय बुडवायला एक पाण्याचं घमेलं. अंगणातली माती पायांनी आत येते तेवढी वाऱ्याने येत नाही. तो चिकट पट्टा खायच्या सोड्याच्या ओल्या लेपाने, मऊ फडक्याने पुसावा. काथ्याने घासलात तर चकाकी जाते आणि मळ आणखी घट्ट बसतो.

पूलबरोबर येणारा छोटा पंप तासाला साधारण १,२५० लिटर पाणी फिरवतो, म्हणजे कागदावर तीन तासांत सगळं पाणी एकदा गाळून होतं. प्रत्यक्षात कार्ट्रिज (फिल्टरमधली घड्यांच्या कागदाची नळकांडी) मळाने भरत जाते तसा वेग घटतो, शिवाय गाळलेलं पाणीच पुन्हा ओढलं जातं, कारण या पूलमध्ये पाणी ओढायचं तोंड आणि सोडायचं तोंड बहुधा एकाच बाजूला असतं. सोडणारं तोंड भिंतीच्या कडेने वळवून ठेवलं की पाणी गोल फिरतं आणि लांबच्या बाजूचा मळही पंपापर्यंत येतो. रोज सहा ते आठ तास चालवावा. पंप चालू आहे पण धार मंद, तर आधी वरचा हवेचा स्क्रू सैल करून अडकलेली हवा सोडून द्या, मग कार्ट्रिज बघा. कार्ट्रिज दोन असाव्यात, एक आत आणि एक वाळत. दोन-तीन दिवसांनी काढून पाइपच्या धारेने एकेक घडी वरून खाली धुवायची. साबण नको, पुढे तासभर पूलभर फेस येतो. दोन आठवड्यांनी कागद मऊ पडून घड्या एकमेकींना चिकटू लागल्या की ती टाकून द्यावी. तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही. पंपाची वायर पूलपासून लांब, कोरडी, आणि तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर. पाण्यात माणूस असताना पंप बंद. याला अपवाद नाही.

तळाला बसलेली वाळू पंपाला ओढता येत नाही. त्यासाठी तीन-चार जणांनी काठाकाठाने एकाच दिशेने पाच मिनिटं गोल चालायचं आणि एकदम बाहेर यायचं. पाणी फिरत राहतं, आणि थोड्या वेळाने सगळी वाळू तळाच्या मधोमध ढिगासारखी जमते. चहा ढवळला की पत्ती कपाच्या मध्यावर येते, तोच प्रकार. फिरणारं पाणी तळाशी घासून मंदावतं, आणि तळालगत आतल्या दिशेने एक छोटा प्रवाह तयार होतो. आइन्स्टाइनने १९२६ मध्ये नद्यांच्या वळणांवर लिहिताना हेच चहापत्तीचं उदाहरण घेतलं होतं. मग अर्ध्या इंची पाइप घेऊन, एक टोक ढिगावर आणि दुसरं जमिनीवर खाली धरून, सायफनने तो ढीग ओढून घ्यायचा. बादलीभर पाण्यात काम होतं, ते पाणी झाडांच्या आळ्यांत सोडू नका एवढंच. बाकी पायऱ्या धुवायला उत्तम.

एवढं झालं की मग क्लोरीन. गावाकडे विहिरीत टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर इथेही चालते, पण तशीच फेकली तर तिच्यातला चुना तळाला पांढरा थर धरतो. ग्रामपंचायतीचा पाणीवाला करतो तसंच करावं: प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात पावडर कालवायची, अर्धा तास ठेवायची, आणि चुना खाली बसला की वरची निवळी तेवढी पूलमध्ये कडेने ओतायची. खालचा गाळ टाकून द्यायचा. हिशेब सोपा आहे. चार हजार लिटरमध्ये एक पीपीएम (लिटरला एक मिलिग्रॅम) क्लोरीन वाढवायला चार ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतो. ताज्या टीसीएलमध्ये तो साधारण तीस टक्के, म्हणजे तेरा ग्रॅम पावडर. पासष्ट टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर सहा ग्रॅम. दहा टक्क्यांचं द्रव सोडियम हायपोक्लोराइट असेल तर चाळीस मिली. चमचा नको, तराजू घ्या. तोंड उघडं राहिलेल्या पिशवीतली टीसीएल दोन महिन्यांत निम्मी मेलेली असते, मग हिशेब बरोबर असूनही पाणी हिरवं होतं.

पाण्यात क्लोरीन एक ते तीन पीपीएम हवा. ओटी (ऑर्थोटोलिडीन) या रसायनाचे थेंब टाकून पिवळा रंग बघतात त्या किटवर पिण्याच्या पाण्याला पुरतो तो फिकट पिवळा इथे अपुरा पडतो. शिवाय ओटी एकूण क्लोरीन दाखवतो, त्यात कामातून गेलेलाही येतो. डीपीडी या दुसऱ्या रसायनाच्या गोळीने येणारा गुलाबी रंग जास्त खरा. आणि एक गैरसमज: पूलला ‘क्लोरीनचा वास’ येतो, डोळे चुरचुरतात, म्हणजे क्लोरीन जास्त झाला असं लोक म्हणतात. बहुधा तो कमी पडलेला असतो. घाम आणि लघवी यांच्याशी जोडला जाऊन जे संयुग होतं त्याचा तो वास. अशा वेळी उपाय क्लोरीन कमी करणं नव्हे, रात्री चांगला डोस देणं.

रात्रीच का, तर ऊन. मे महिन्यातल्या दुपारी साधा क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातो. म्हणून डोस सूर्यास्तानंतर. हे टाळायला सायन्युरिक ॲसिड नावाचा स्थिरक टाकतात: चार हजार लिटरला एकशे वीस ग्रॅम, म्हणजे तीस पीपीएम. जुन्या मोज्यात भरून पाणी सोडणाऱ्या तोंडापुढे टांगायचं, ते दोन दिवस घेत हळूहळू विरघळतं. स्थिरक असेल तर क्लोरीन दोनच्या खाली जाऊ देऊ नये. बाजारातल्या गोल पांढऱ्या ट्रायक्लोर या क्लोरीनच्या गोळ्यांत हा स्थिरक आधीच असतो, आणि घोटाळा तिथेच होतो. दोनशे ग्रॅमची एक गोळी पूर्ण विरघळली की एवढ्याशा पूलमध्ये स्थिरक सत्तावीस पीपीएमने वाढतो. चार गोळ्यांत शंभराच्या वर. मग क्लोरीन कितीही टाका, तो बांधलेला राहतो, पाणी हिरवं ते हिरवंच. स्थिरक उन्हाने जात नाही, फिल्टरने जात नाही. पाणी काढून नवं भरणं हा एकच उतारा. त्या मोठ्या गोळ्या मोठ्या तलावांसाठी असतात. इथे वीस ग्रॅमची छोटी, तीही तरंगत्या डबीत. तळावर पडलेली गोळी निळा रंग खाऊन पांढरा डाग पाडते. ट्रायक्लोर आणि टीसीएल एकाच डब्यात किंवा एकाच ओल्या चमच्याने कधीही नको. दोन्ही एकत्र आले की आग लागते.

पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा, ७.२ ते ७.६ मध्ये हवा. ७.२ ला टाकलेल्या क्लोरीनपैकी दोन तृतीयांश भाग जंतू मारण्याच्या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. बोअरच्या जड पाण्यात टीसीएल टाकत गेलं की पीएच वर सरकत जातो. तो उतरवायला लिंबूसत्त्व टाकायचा सल्ला सर्रास मिळतो, पण सायट्रिक ॲसिड क्लोरीनच खाऊन टाकतं. सोडियम बायसल्फेट किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरा. ॲसिड तीस टक्क्यांचं असेल तर एका वेळी तीस-चाळीस मिली, बादलीभर पाण्यात ॲसिड ओतून (ॲसिडमध्ये पाणी नव्हे), चार तासांनी पुन्हा मोजून. उलट बाजूला, क्षारता (पीएच स्थिर धरून ठेवणारे क्षार) कमी असेल तर सत्तर ग्रॅम खायचा सोडा ती दहा पीपीएमने वाढवतो. मोजायचं पाणी वरवरचं नको, कोपरभर खोलीतून घ्यावं.

इतकं करूनही पाणी बिघडतं, तेव्हा रंग बघायचा. हिरवं आणि भिंत बुळबुळीत म्हणजे शेवाळ. भिंती आणि घड्या ब्रशने घासून रात्री दहा पीपीएमचा डोस, म्हणजे पासष्ट टक्क्यांची साठ ग्रॅम पावडर, आणि पंप रात्रभर. शेवाळ मेलं की नाही हे रंगावरून ठरवू नये. रात्री क्लोरीन मोजावा, सूर्य उगवायच्या आत पुन्हा मोजावा. एक पीपीएमपेक्षा जास्त घटला असेल तर काहीतरी अजून जिवंत आहे, पुन्हा डोस. तीनच्या खाली आल्याशिवाय पोरं आत नाहीत. क्लोरीन टाकताक्षणी पाणी तांबूस, चहासारखं झालं तर ते लोह. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींचं आणि काही बोअरचं पाणी असं असतं. घाबरू नये, रात्रभरात ते गंजासारखं खाली बसतं. दुधाळ पांढरं असेल तर एका काचेच्या पेल्यात पाणी घेऊन व्हिनेगरचे थेंब टाका. निवळलं तर चुना आणि चढलेला पीएच. नाही निवळलं तर बारीक मळ किंवा मेलेलं शेवाळ, जे कार्ट्रिजच्या घड्यांतून आरपार जातं.

या शेवटच्या रोगावर घरातली तुरटी आहे. शंभर ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, पंप बंद करून पूलभर शिंपडायची, पाच मिनिटं ढवळायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी तळाला राखाडी कापसासारखा थर दिसतो. पंप चालू केलात तर तो थर कार्ट्रिजवर जाऊन तिचा निकाल लागेल, म्हणून सायफनच, आणि पाइपचं तोंड अगदी सावकाश सरकवत. दोन-तीनशे लिटर जातात, पण बाकीचं पाणी वाचतं. तुरटीने पीएच उतरतो, तो नंतर बघून घ्यावा.

गावाला जायचं असेल आणि आठवडाभर पंप चालणार नसेल, तर पूल रिकामा करावा. महापालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणते ते याचसाठी. क्लोरीन उतरलेल्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत अंडं ते डास हा प्रवास उरकतो. गप्पी मासे इथे सोडू नका, क्लोरीनने मरतील बिचारे.

जूनच्या पहिल्या पावसाआधी पूल उतरवायचा. आधी दोन-चार दिवस डोस थांबवून क्लोरीन शून्यावर आला की ते पाणी आंब्या-नारळाला चालतं. स्थिरक टाकला असेल तर आठवडा धरा आणि मोजून खात्री करा. पूल उन्हात नव्हे, सावलीत वाळवायचा, घड्यांत ओल राहिली तर काळी बुरशी धरते. टाल्कम पावडर भुरभुरून सैल घडी घाला. माळ्यावर ठेवणार असाल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. उंदरांना हे प्लास्टिक फार आवडतं, आणि त्यांनी घडीच्या कोपऱ्यात एक भोक पाडलं तरी उलगडल्यावर ती चार होतात.