टे कुइटीचा पाइनट्री

न्यूझीलंडमधल्या वायटोमोच्या गुहा बघून झाल्या की बहुतेक पर्यटक आले तसे हॅमिल्टनकडे परततात. आम्ही गाडी उलट्या दिशेला, टे कुइटीकडे वळवली. मेंढ्यांची लोकर कातरण्यासाठी हे गाव प्रसिद्ध; कातरणाऱ्याचा भलाथोरला पुतळाच उभा केलाय. मला मात्र दुसरा पुतळा बघायचा होता, रग्बीपटू कॉलिन मीड्सचा.

तो रोरा स्ट्रीटवर आहे. ब्राँझचा, धावता, रग्बीचा चेंडू एका हातात. आपण देवळात जाताना नारळ धरतो ना, तितक्या सहज! टोपणनाव पाइनट्री. 1957 ते 1971 या काळात ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघाकडून 133 सामने, त्यात 55 कसोट्या, म्हणजे दोन देशांमधले सामने. तेव्हा रग्बीत पैसा नव्हता. दौरा संपला की हा गडी परत आपल्या शेतावर, मेंढ्यांत.

1970 च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात ईस्टर्न ट्रान्सवालविरुद्ध त्याचा हात मोडला. पठ्ठ्या सामना संपेपर्यंत खेळला! पहिल्या दोन कसोट्या हुकल्या, तिसरीला हाताला संरक्षक पट्टा बांधून हजर. मालिका हरले ते हरलेच, पण न्यूझीलंडमध्ये आजही गोष्ट सांगतात ती त्या हाताचीच.

आपल्याकडे माणूस गेल्यावर पुतळ्याची समिती बसते. इथे जून 2017 मध्ये अनावरणाला मीड्स स्वतः उभा होता, कॅन्सरने पार खंगलेला. ऑगस्टमध्ये तो गेला. 1999 मध्येच त्याला न्यूझीलंडचा शतकातला सर्वोत्तम रग्बी खेळाडू ठरवलं होतं.

एवढं असलं तरी तो संत नव्हता. 1967 मध्ये मरेफील्डवर स्कॉटलंडविरुद्ध रेफरीने त्याला बाहेर काढलं. कसोटीत ही नामुष्की ओढवलेला तो दुसराच ऑल ब्लॅक. 1986 मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार असताना कॅव्हेलियर्स नावाचा बंडखोर संघ तिकडे गेला, त्याचा प्रशिक्षक हाच. माझ्या मते त्याच्या नावावरचा सगळ्यात मोठा डाग तोच. आणि 1968 मध्ये खेळाडूंच्या गर्दीत अडकलेल्या ऑस्ट्रेलियाच्या केन कॅचपोलचा पाय त्याने असा ओढला की कॅचपोलची आंतरराष्ट्रीय कारकीर्दच संपली. सिडनीच्या एखाद्या जुन्या रग्बीवेड्याला या पुतळ्यापुढे आणलं, तर तो फोटो काढेल की शिव्या घालेल, सांगता येत नाही.